गरम झाल्यावरच बंद पडणारी नवी गाडी परत करता येईल का?

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. सव्वातीन महिन्यांपूर्वी तुम्ही नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली. एक्स-शोरूम ११ लाख ४० हजार, ऑन-रोड तेरा लाखांच्या पुढे, त्यातले नऊ लाख कर्जाचे. गाडी ४,१०० किलोमीटर चालली आहे. पाऊण-एक तास रहदारीत चालून गरम झाली की सिग्नलवरून निघताना पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो, मागचे हॉर्न वाजवत सुटतात. दहा मिनिटं बंद करून ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालते. चारदा वर्कशॉपमध्ये जाऊन आली, आता पाचव्यांदा तिथेच उभी आहे. तुम्ही विचारताय की गाडी परत करून सगळे पैसे मागता येतील का, नाहीतर निदान नवी गाडी. मित्र म्हणतो हप्ते थांबव, मेहुणे म्हणतात गाडी आणायलाच जाऊ नका. सोबत चारही जॉब कार्डांचे, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार लिहून देतं त्या कागदांचे, फोटो जोडलेत, हे फार बरं केलंत.

पुढचं सगळं कुठून आलंय ते कळावं म्हणून स्वतःबद्दल थोडं सांगतो. ग्राहक आयोगात वकिली करायला लागून मला अठरा वर्षं झाली. त्याआधी ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून चार वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. ज्या जॉब कार्डांवर आज मी युक्तिवाद करतो, तशी शेकडो कार्डं एकेकाळी मीच भरली आहेत.

थेट उत्तर असं की मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण आज, आहेत त्या कागदांवर तक्रार दाखल केलीत तर बहुधा दुरुस्तीचा आदेश आणि थोडीफार नुकसानभरपाई, एवढ्यावरच समाधान मानावं लागेल. कारण तुमचीच कार्डं वाचून दाखवतो. पहिल्यावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय ‘पिकअप कमी’. दुसऱ्यावर ‘जनरल चेकअप’. तिसऱ्यावर ‘पहिली मोफत सर्व्हिस’. चौथ्यावर ‘सॉफ्टवेअर अपडेट’. तुमच्या लेखी गाडी चारदा बिघडली. कागदावर ती एकदाच बिघडली आहे, बाकी तीनदा नुसती येऊन गेली आहे. कंपनीचा वकील आयोगासमोर हेच सांगेल, आणि कागद त्याच्या बाजूने असतील.

म्हणून गाडी खराब आहे का, हा इथला खरा प्रश्न नाही. तेच तेच दुखणं पुन्हा पुन्हा दाखवलं, दुरुस्तीची पुरेशी संधी दिली आणि तरीही त्यांना ते जमलं नाही, हे तुम्ही तिऱ्हाइताला पटवू शकता का, हा प्रश्न आहे. ते अजून हातचं गेलेलं नाही, कारण पाचवं कार्ड अजून बंद झालेलं नाही.

आधी कायद्याची चौकट उरकतो. अमेरिकेतल्या ‘लेमन लॉ’चे व्हिडिओ पाहून बरेच जण येतात : इतक्या वेळा दुरुस्ती फसली किंवा इतके दिवस गाडी वर्कशॉपमध्ये राहिली की गाडी परत. आपल्याकडे असा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. वस्तूच्या दर्जात, क्षमतेत किंवा गुणवत्तेत उणीव असली, किंवा विकणाऱ्याने जे सांगितलं होतं त्यात ती उणी पडली, तरी तो दोष. आणि दोष सिद्ध झाला तर आयोग काय काय देऊ शकतो ते कलम ३९ मध्ये आहे : दोष दूर करून देणं, तशीच दुसरी निर्दोष वस्तू देणं, किंमत व्याजासह परत करणं, शिवाय भरपाई. यातलं नेमकं काय द्यायचं हे आयोगाने ठरवायचं असतं. तुम्ही मागितलं म्हणजे तेच मिळालं, असं होत नाही.

कंपनीचा पहिला बचाव ठरलेला आहे. वॉरंटीत आम्ही खराब पार्ट बदलून द्यायचं कबूल केलंय, गाडी बदलून द्यायचं नाही. याला आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल दाखवतात. क्लचच्या तक्रारीचं प्रकरण होतं, आणि न्यायालयाने वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. हा निकाल समोर आला की पक्षकाराचा चेहरा पडतो. पण त्याच न्यायालयाने पुढे दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं की स्वतंत्र तज्ज्ञाने गाडीत मुळातच उत्पादन दोष असल्याचं सांगितलं, तर गाडीची किंमत, आजीवन रस्ता कर आणि भरलेले हप्ते हे सगळं व्याजासह परत मिळायला हवं. दोन्ही एकत्र वाचले की रेघ कुठे आहे ते दिसतं. एक पार्ट बदलून गाडी बरी होत असेल तर पार्टच मिळेल. बदलून, सगळं करून बरी होत नसेल, आणि हे तुमच्याव्यतिरिक्त कुणीतरी जाणता माणूस म्हणत असेल, तर किंमत परत मागायला दार उघडं आहे.

आणखी एक निकाल २०२२ चा. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनीचं म्हणणं, धडक तेवढ्या जोराची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेग आणि बळाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्री असणं ग्राहकाकडून अपेक्षित नाही. आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. तुमचं प्रकरण सुरक्षेच्या उपकरणाचं नाही, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा बसणार नाही. पण चालत्या रहदारीत पिकअप जाणं हा सुरक्षेचाच प्रश्न आहे, हे तुमच्या पत्रव्यवहारात कुठेच आलेलं नाही. ‘गैरसोय होते’ असं लिहिलंय. उड्डाणपुलाच्या चढावर मागून ट्रक येत असताना गाडी मेली, असं जर घडलं असेल तर तारखेसकट तसंच लिहा. घडलं नसेल तर अर्थातच लिहू नका.

आता वर्कशॉप. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण अशी प्रकरणं जिंकली जातात किंवा हातची जातात ती इथेच.

मी काउंटरवर असताना आम्हाला एक अलिखित शिकवण होती. एकच तक्रार घेऊन गाडी परत आली की ती ‘रिपीट’ म्हणून मोजली जाते, आणि रिपीट वाढले की वर जाब द्यावा लागतो. मग काय करायचं? गाडी घ्यायची, ग्राहकाला चहा पाजायचा आणि कार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहायचं. हे मी केलंय. एका शाळेतल्या बाईंची गाडी तीनदा स्टेअरिंगच्या आवाजासाठी आली आणि तिन्ही कार्डांवर मी तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या. बाईंनी विश्वासाने सह्या केल्या. पुढे त्यांनी काय केलं मला माहीत नाही, पण वकील झाल्यावर पहिल्यांदा असं कार्ड विरुद्ध बाजूने हातात आलं तेव्हा त्या बाई आठवल्या.

त्यामुळे तक्रारीचा रकाना तुमच्या शब्दांत भरला गेल्याशिवाय सही करायची नाही. तुमच्या बाबतीत शब्द हे असावेत : ‘गाडी ४५ ते ६० मिनिटं रहदारीत चालून गरम झाल्यावर, थांबून निघताना पिकअप जातो, चेक इंजिन दिवा लागतो. हीच तक्रार याआधी अमुक, अमुक आणि अमुक तारखेला केली आहे.’ ॲडव्हायझर म्हणेल, सिस्टीममध्ये एवढं बसत नाही. बसतं. नाहीच म्हणाला तर छापील प्रतीवर पेनने लिहून त्याची सही घ्या, किंवा काउंटरवर उभे असतानाच तोच मजकूर त्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि त्याच्या मोबाईलवर तो पोहोचल्याचं तिथेच बघा.

दुसरी गोष्ट फॉल्ट कोडची, आणि तुमच्यासारख्या येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडात ती सोन्याच्या मोलाची आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा गाडीचा संगणक एक कोड साठवतो, आणि बहुतेक वेळा त्या क्षणाची स्थितीही : इंजिनचं तापमान, वेग, आरपीएम. मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड बघतो आणि सवयीने ‘क्लिअर’ दाबतो. दिवा गेला, गाडी तयार. त्या एका बटणाबरोबर तुमचा सर्वांत तटस्थ साक्षीदार पुसला जातो. म्हणून गाडी आत देतानाच लेखी मागणी करा की कोड क्लिअर करण्याआधी त्याची प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो मला द्यावा. ते नाकारतील अशी बरीच शक्यता आहे. हरकत नाही. ‘मागितलं, दिलं नाही’ हेही आयोगाला दाखवता येतं, आणि कंपनीच्या सर्व्हरवर बऱ्याचदा ती नोंद राहते, जी पुढे आयोगामार्फत मागवता येते.

तुम्हाला दोनदा ‘ट्रायल घेतली, काही आढळलं नाही’ असं सांगितलं. ट्रायल किती किलोमीटरची? सकाळी की भर दुपारी? गाडी रात्रभर शेडमध्ये थंड पडली असेल आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर सहा किलोमीटर फिरवली, तर तिला काहीही होणार नाही. हे तुम्हीच त्यांना सांगताय ना, की ती गरम झाल्यावरच बिघडते! तेव्हा संयुक्त ट्रायल मागा. तुम्ही चालवायची, त्यांचा टेक्निशियन शेजारी, स्कॅनर जोडलेला, संध्याकाळची गर्दी, किमान एक तास. त्याचा निकाल कार्डावर लिहून दोघांच्या सह्या. त्याच मॉडेलची त्यांची टेस्ट ड्राइव्हची गाडी असते, तीही त्याच रस्त्याने फिरवून बघायला सांगा. ‘या मॉडेलचं हे कॅरॅक्टरिस्टिकच आहे’ या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

गाडी परत घेताना एक कागद पुढे सरकवतात, ‘काम समाधानकारक झालं’ अशा अर्थाचा. हल्ली कागदाऐवजी ओटीपी मागतात, तो दिला की समाधानाची नोंद आपोआप होते. शिवाय दोन दिवसांनी फोन येतो आणि त्याआधी ॲडव्हायझर गयावया करून सांगून ठेवतो, ‘सर, दहापैकी दहाच द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात.’ माणुसकी म्हणून आपण दहा देतो. एका प्रकरणात कंपनीने तेच दहा गुण छापून आयोगापुढे ठेवले होते : ग्राहक पूर्ण समाधानी होते, मग वाद कसला? त्या मुलाचं वाईट व्हावं असं मलाही वाटत नाही, मी त्याच खुर्चीत बसलोय. पण वाद चालू असताना खोटे गुण देऊ नका. पेनने लिहा, ‘दोष गेला की नाही हे वापरल्यावरच कळेल, माझे हक्क राखून गाडी ताब्यात घेत आहे.’ ओटीपी द्यावाच लागला तर त्यानंतर लगेच याच मजकुराचा ईमेल करा.

व्हिडिओ काढत असाल तर ओडोमीटर, दिवा आणि घड्याळ एका फ्रेममध्ये येऊ द्या. अर्थात शेजारी बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने नव्हे. मूळ फाईल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत कमजोर असते. पुढे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, आणि त्यासाठी मूळ फोन असलेला बरा.

एवढं करून दोष गेला, तर छानच. तुम्हाला गाडी हवी होती, खटला नको होता.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. गाडी आणायला जायचं की नाही, हे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. ब्रेक, स्टेअरिंग, आग असला जिवावरचा दोष असेल आणि तो गेलेला नाही हे दिसत असेल, तर ‘ही गाडी चालवणं सुरक्षित नाही, म्हणून ताब्यात घेत नाही’ असं लेखी कळवून ती तिथेच ठेवणं मी समजू शकतो. पण नुसत्या रागाने गाडी टाकून दिली तर ती उन्हापावसात उभी राहते, बॅटरी उतरते, वर पार्किंगच्या भाड्याची नोटीस येते, आणि आयोगात ते म्हणतात, आम्ही तयार ठेवली होती, हेच न्यायला आले नाहीत. तुमच्या बाबतीत माझा कौल आणण्याकडे आहे, पण संयुक्त ट्रायल घेऊन आणि हक्क राखून. याला दुसरी बाजूही आहे. गाडी आणून पुढे वर्षभरात वीस हजार किलोमीटर पळवलीत, तर ‘इतकी चालली म्हणजे दोष कसला’ हा युक्तिवाद ऐकावा लागेल, आणि तो आयोगांना पटतोही. शक्य तेवढी कमी वापरा. बिघडली की त्याच दिवशी कळवा, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

बाहेरच्या गॅरेजला दाखवू नका. नवे हेडलाईट, म्युझिक सिस्टीम, वायरिंग तोडून बसवलेलं काहीही नको. कंपनीला हात झटकायला एक कापलेली वायर पुरते.

मित्राच्या सल्ल्याबद्दल मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ वगैरे काही नाही. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, गाडी कशी निघाली याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. तुमचा क्रेडिट स्कोअर घसरेल, गाडी ओढून नेली जाईल, आणि मग जिच्यातला दोष दाखवायचा ती गाडीच तुमच्याकडे नसेल. हप्त्यांतलं व्याज तक्रारीत भरपाई म्हणून मागता येतं.

आता पुढची पायरी. पाचव्यांदाही दोष तसाच राहिला तर एक सविस्तर पत्र लिहा, डीलरला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही. त्यात तारीखवार इतिहास, प्रत्येक वेळी गाडी किती दिवस आत होती, काय बदललं, आणि शेवटी मागणी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ती यंत्रणा कुणाला आदेश देऊ शकत नाही, पण कंपन्यांचे वरचे अधिकारी तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात असा माझा अनुभव आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा १७ अक्षरी चासी क्रमांक टाकून या मॉडेलसाठी रिकॉल निघालाय का तेही बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आलं, त्यानुसार सरकार सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकतं. तुमच्या बिघाडाचं नाव एखाद्या रिकॉलमध्ये निघालं तर निम्मं काम कंपनीनेच करून दिलं म्हणायचं.

याच टप्प्यावर बहुधा तडजोडीचा प्रस्ताव येतो. आधी मोफत सर्व्हिस, मग वाढीव वॉरंटी, आणि अगदी ताणून धरलंत तर घसारा कापून गाडी परत घेण्याची तयारी. यातलं काहीच कमी लेखू नका. खटल्याची वर्षं आणि धावपळ मोजली तर दहा-बारा टक्के कापून सुटणं कधीकधी शहाणपणाचं असतं. मी स्वतः पक्षकारांना तसं सांगितलंय, फी बुडत असूनही. फक्त ‘फुल अँड फायनल’ असं लिहिलेला कागद घरी आणून, एक रात्र जाऊ देऊन मगच सही करा. वाढीव वॉरंटीच्या बदल्यात सगळे दावे सोडून दिल्याचं एक वाक्य त्यात हमखास असतं.

नाहीच जमलं तर आयोग. लोक अजूनही ‘ग्राहक मंच’ म्हणतात, २०१९ च्या कायद्याने त्याचं नाव जिल्हा आयोग झालं. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेली असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे तुमची तिथेच. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. बुकिंगच्या फॉर्मवर ‘वाद अमुक शहरातच चालतील’ किंवा ‘लवादाकडे जातील’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका, त्याने ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. १० ते २० लाखांच्या खरेदीला फी ४०० रुपये. ऑनलाईन दाखल करायला ई-जागृती हे पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही, साध्या प्रकरणात तर गरजही नसते. पण उत्पादन दोषाच्या प्रकरणात तज्ज्ञाचा मुद्दा येतो, तिथे कुणीतरी जाणकार सोबत असलेला बरा. मुदत दोन वर्षांची आहे. ती कुठल्या दिवसापासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून सरळ गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवसापासून मोजा. आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत वाढत नाही. ती वाढते, या एका गैरसमजापायी चांगली प्रकरणं बुडालेली पाहिली आहेत.

विरुद्ध पक्ष म्हणून डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही घ्या. गोव्यातल्या एका प्रकरणात २०११ चं मॉडेल म्हणून पैसे घेऊन २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उत्पादक कंपनीला त्या जबाबदारीतून सोडलं, कारण डीलरच्या करणीची तिला माहिती होती असं सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे विक्रीतली लबाडी डीलरच्या माथी आणि बनावटीतला दोष कंपनीच्या. तुमचं दुखणं दुसऱ्या जातीचं आहे, पण एकाला वगळलं की दुसरा नेमकं न आलेल्याकडे बोट दाखवतो. जाता जाता विचारतो, बिल कुणाच्या नावावर आहे? व्यवसायासाठी घेतलेल्या गाडीला ‘तुम्ही ग्राहकच नाही’ अशी हरकत येते. एकट्याने चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली टॅक्सी त्यातून सुटते, आणि संचालकाच्या वापरासाठी कंपनीच्या नावे घेतलेली गाडी नुसत्या तेवढ्या कारणाने बाहेर जात नाही, हेही २०२४ मध्ये ठरलंय. तुमचं बिल वैयक्तिक असेल तर हा मुद्दाच नाही.

सगळ्यात नाजूक भाग तज्ज्ञाचा. कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय कळणार नाही असा दोष असेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवतो. कायद्याची भाषा नमुना घेऊन सीलबंद करण्याची आहे, आता गाडी काही पिशवीत घालून सील करता येत नाही! प्रत्यक्षात सरकारी तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ऑटोमोबाईल विभागातला प्राध्यापक, नाहीतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक नेमला जातो. अर्ज तुम्हीच करायचा, तक्रारीसोबतच, आणि फीदेखील बहुधा आधी तुम्हालाच भरावी लागते. त्या अर्जात तपासणी कशी व्हावी हे लिहा. माझ्या एका प्रकरणात, अगदी तुमच्यासारख्याच, तज्ज्ञ जानेवारीत सकाळी साडेआठला आले, थंड गाडी कंपनीच्या आवारात दोन फेऱ्या फिरवली आणि ‘दोष आढळला नाही’ असा अहवाल दिला. आम्ही आक्षेप घेतला, पक्षकाराच्या चारही कार्डांवर ‘गरम झाल्यावर’ हे शब्द होते ते दाखवले, आणि आयोगाने फेरतपासणी दिली. या वेळी दुपारी, पन्नास मिनिटं, स्कॅनर लावून. बेचाळिसाव्या मिनिटाला दिवा लागला. ते दोन शब्द कार्डांवर नसते तर फेरतपासणी कशाच्या बळावर मागितली असती?

मागणी लिहिताना मुख्य आणि पर्यायी असं दोन्ही लिहा : किंमत व्याजासह परत, ते नाही तर तशीच नवी गाडी, तेही नाही तर पूर्ण दुरुस्ती आणि वाढीव वॉरंटी. रस्ता कर, विम्याचा हप्ता, कर्जावरचं व्याज, गाडी आत असताना झालेलं टॅक्सीचं भाडं हे वेगवेगळ्या ओळींत, पावत्यांसह मागा. ‘मानसिक त्रास, दहा लाख’ असा आकडा मोह म्हणून टाकू नका, त्याने खऱ्या आकड्यांचं वजनही कमी होतं.

किती वेळ लागेल? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. माझ्या फायलींत दोन-तीन वर्षं हे नेहमीचं आहे. जिंकल्यावर कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकते, पण त्यासाठी तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे तडजोडीची दुसरी लाट तेव्हा येते.

तेव्हा आत्ता आयोग विसरा. उद्या वर्कशॉपला फोन करून पाचवं कार्ड इतक्यात बंद करू नका म्हणून सांगा, आधीच्या चार तारखा देऊन ईमेल करा, कोडची प्रिंट आणि संध्याकाळची संयुक्त ट्रायल मागा. पाचव्या कार्डाचा फोटो इथे टाकाल तेव्हा गाडीचा नंबर झाका, पण तक्रारीचा रकाना पूर्ण वाचता येईल असा घ्या. मी तोच आधी बघणार आहे.